हातचा सांभाळणारी लायब्ररी : जीएमपीच्या अ‍ॅसेम्ब्ली भागाचे परीक्षण

उभी बेरीज शिकताना ‘सात नि सहा तेरा, तेराचे तीन, हातचा एक’ असे आपण सगळ्यांनीच पाटीवर बोट ठेवून म्हटलेले असते. हजारो आकडी पूर्णांकांचे गणित संगणकाकडून करून घेताना हाच हातचा सर्वांत जास्त अडवतो, आणि तो किती शहाणपणाने सांभाळला आहे यावरून अशा गणितासाठी लिहिलेल्या लायब्ररीची प्रत ठरते. गेली काही वर्षे मोठ्या पूर्णांकांचे काम करताना मी जीएमपी ही अशीच एक लायब्ररी रोज वापरतो आहे. तिच्या अ‍ॅसेम्ब्ली फाइली, म्हणजे प्रोसेसरच्या सूचना एकेक करून थेट लिहिलेल्या फाइली, मी आधी गरज म्हणून उघडल्या आणि पुढे आवडीने वाचू लागलो. हे परीक्षण त्या फाइलींचे, म्हणजे लायब्ररीच्या सर्वांत खालच्या थराचे आहे. वरच्या थरांविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण वेग येतो तो या तळघरातून.

ग्नू प्रकल्पातील ही लायब्ररी टोर्ब्यॉर्न ग्रानलुंड यांनी १९९१ साली पहिल्यांदा प्रसिद्ध केली. मी वापरतो ती ६.३.० ही आवृत्ती जुलै २०२३ मध्ये आली. जीसीसी कंपायलर बांधायला ती लागते, हॅस्केल भाषेच्या जीएचसी कंपायलरमधील अमर्याद पूर्णांक तिच्यावर चालतात, सेजमॅथ ही गणिताची प्रणाली तिच्यावर विसंबून आहे, आणि अचूक पूर्णन (राउंडिंग) करणारी एमपीएफआर ही लायब्ररी तर तिच्याच पायावर उभी आहे. पूर्णांकांसाठी एमपीझेड, अपूर्णांकांसाठी एमपीक्यू आणि तरत्या बिंदूच्या (फ्लोटिंग पॉइंट) संख्यांसाठी एमपीएफ असे तीन थर वापरणाऱ्याला दिसतात, आणि या तिघांच्याही खाली एमपीएन नावाचा चौथा थर आहे. तिथे चिन्ह नाही, स्मृतीची व्यवस्था नाही, चूक पकडणारे कोणी नाही. ओळीने मांडलेले यंत्रशब्द (प्रोसेसर एका दमात हाताळतो तेवढे बिट) आणि त्यांची लांबी एवढेच काय ते आहे. अशा एका यंत्रशब्दाला जीएमपीत ‘लिम्ब’ म्हणतात. शरीराचा अवयव या अर्थाने हा शब्द घेतला असून, अवयव हा बोटापेक्षा मोठा आणि अनेक बोटे पोटात घेणारा असतो, तसा लिम्ब हा अनेक अंक पोटात घेणारा एक मोठा अंक आहे, असे तिची पुस्तिका सांगते. ६४ बिटांच्या यंत्रावर २०४८ बिटांची संख्या म्हणजे ३२ लिम्ब, आणि एक लाख दशांश अंकांची संख्या म्हणजे ५,१९१ लिम्ब.

आता पहिला प्रश्न असा की हे सी भाषेत का लिहीत नाहीत. बेरजेत हातचा निर्माण झाला की प्रोसेसर तो कॅरी फ्लॅग नावाच्या एका बिटात ठेवतो, आणि ‘हातच्यासह बेरीज’ करणारी एडीसी ही सूचना तो बिट पुढच्या लिम्बात मिळवते. सी भाषेला मात्र या बिटाची ओळखच नाही. त्यामुळे सी भाषेत बेरीज केल्यावर उत्तर मूळ संख्येपेक्षा लहान झाले का हे तपासून हातचा ‘शोधून’ काढावा लागतो, म्हणजे जे प्रोसेसरने आधीच सांगितले होते तेच त्याला पुन्हा विचारावे लागते. कंपायलरने दिलेल्या खास फंक्शनांमधून एडीसीपर्यंत पोहोचता येते, हे खरे. पण जीसीसीने वर्षानुवर्षे तिथेही हातचा फ्लॅगमधून रजिस्टरमध्ये (प्रोसेसरच्या आतील एका यंत्रशब्दाच्या जागेत) काढायचा आणि पुढच्याच क्षणी तो परत फ्लॅगमध्ये घालायचा, असा निष्फळ फेरा घातलेला मी स्वतः पाहिला आहे. पायथॉनने या अडचणीला वेगळे उत्तर शोधले : त्याचा पूर्णांक ३० बिटांच्या अंकांनी बनतो, वरचे बिट मोकळे राहतात आणि हातचा त्या मोकळ्या जागेत मावतो. ही तडजोड समंजस आहे, परंतु ६४ बिटांचा गुणाकार करू शकणाऱ्या यंत्राकडून ३० बिटांचे काम करून घेण्याची किंमत मोठ्या संख्यांवर चांगलीच जाणवते.

जीएमपीचा जीव ज्या एका रूटीनमध्ये आहे तिचे नाव अ‍ॅडमल-वन. एका लांब संख्येला एका लिम्बाने गुणायचे आणि तो गुणाकार दुसऱ्या लांब संख्येत मिळवायचा, एवढेच तिचे काम. पाटीवरच्या गुणाकारात आपण एकेक ओळ मांडून शेवटी सगळ्या ओळींची बेरीज करतो. इथे ओळ मांडतानाच ती खालच्या बेरजेत मिसळली जाते. या रूटीनच्या पोटात एक सुंदर गोष्ट दडलेली आहे आणि ती दशमान अंकांतच नीट दिसते. एका अंकी दोन संख्यांचा सर्वांत मोठा गुणाकार नऊ नव्वे एक्क्याऐंशी. त्यात आधीच्या घरातून आलेला जास्तीत जास्त मोठा हातचा ९ मिळवा, ९० झाले. आधी मांडून ठेवलेला जास्तीत जास्त मोठा अंक ९ मिळवा, ९९ झाले. बरोबर दोन अंक भरले आणि एकही एकक सांडला नाही. पाया दहा असो की दोनाचा चौसष्टावा घात, हे गणित तसेच राहते : गुणाकार, मागचा हातचा आणि जुनी बेरीज हे तिन्ही मिळून नेमके दोन लिम्ब भरतात. म्हणूनच प्रत्येक पायरीनंतर पुढे न्यायचा हातचा एकाच लिम्बाचा असतो आणि एक रजिस्टर त्याला पुरते.

हे गणित कागदावर सोपे असले तरी यंत्रावर ते बसवताना गाठ पडते. ६४ बिटी इंटेल-एएमडी प्रोसेसरवरील एमयूएल सूचना दोन लिम्बांचा गुणाकार करून त्याचा वरचा आणि खालचा अर्धा ठरलेल्या दोनच रजिस्टरांत टाकते आणि जाता जाता कॅरी फ्लॅगही बदलून टाकते. म्हणजे बेरजेचा हातचा फ्लॅगमध्ये ठेवून पुढचा गुणाकार करायला जावे, तर तो पुसला जातो. शिवाय प्रत्येक लिम्बामागे दोन बेरजा आहेत, एक मागच्या वरच्या अर्ध्याची आणि एक जुन्या आकड्याची, आणि दोन्हींचा हातचा वेगळा. फ्लॅग मात्र एकच. जुन्या प्रोसेसरांसाठी लिहिलेल्या फाइलींत यावरचा उपाय सरळ आहे : प्रत्येक बेरजेनंतर लगेच ‘शून्य अधिक हातचा’ वरच्या अर्ध्यात मिळवून टाकायचा आणि फ्लॅग मोकळा करायचा. वर सांगितलेल्या ९९च्या हिशेबामुळे हे निर्धोक आहे, कारण वरचा अर्धा कधीच भरून सांडत नाही. एएमडीच्या के-८ या प्रोसेसरवर ही फेरी, म्हणजे प्रत्येक लिम्बासाठी पुन्हा पुन्हा चालणारा सूचनांचा तुकडा (लूप), लिम्बामागे २.५ चक्रांत बसवलेली आहे; चक्र म्हणजे प्रोसेसरच्या घड्याळाचा एक ठोका. त्या प्रोसेसरला ६४ बिटांचा एक गुणाकार सुरू केल्यावर पुढचा सुरू करायला दोन चक्रे लागतात, त्यामुळे दोन चक्रांच्या खाली जाणे तिथे शक्यच नव्हते. म्हणजे दोन वाचने, एक लिहिणे, चार बेरजा आणि फेरीचा सगळा संसार मिळून यंत्राच्या अंगभूत मर्यादेपेक्षा जास्त लागले ते अवघे अर्धे चक्र. ही कारागिरी मला पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते.

अर्ध्या चक्राची एवढी काळजी का, असे कोणी विचारले तर मी पुढचा हिशेब मांडतो. आरएसए या गुप्तलेखन पद्धतीत २०४८ बिटांच्या किल्लीने सही करताना लागणारा घात सरळ पद्धतीने काढायचा तर सुमारे दोन हजार वर्ग आणि चारएकशे गुणाकार करावे लागतात, आणि प्रत्येकामागे मॉन्टगोमेरी पद्धतीचे एक भागहरण (गुणाकारांनीच बाकी काढणे) येते. एका पूर्ण गुणाकारात ३२ गुणिले ३२, म्हणजे १,०२४ लिम्ब-गुणाकार असतात; वर्गात त्यातले जवळजवळ निम्मे वाचतात; भागहरणाला पुन्हा १,०२४ लागतात. सगळे मिळून सुमारे ४० लाख लिम्ब-गुणाकार होतात. प्रत्येकामागे अर्धे चक्र वाचले तर २० लाख चक्रे वाचली, आणि तीन गिगाहर्ट्झच्या यंत्रावर ती सुमारे दोन-तृतीयांश मिलिसेकंद होतात. एका सहीसाठी हे नगण्य वाटेल, परंतु दर सेकंदाला शेकडो सह्या करणाऱ्या सर्व्हरला विचारावे.

प्रोसेसर बनवणाऱ्यांनीही पुढे या अडचणीची दखल घेतली. इंटेलने २०१३च्या हॅसवेलमध्ये मलएक्स ही सूचना आणली. ती गुणाकार करते, उत्तर सांगाल त्या रजिस्टरांत ठेवते आणि फ्लॅगना हात लावत नाही. त्यापाठोपाठ ब्रॉडवेलमध्ये एडीसीएक्स आणि एडीओएक्स ही जोडी आली. पहिली फक्त कॅरी फ्लॅग वापरते, दुसरी फक्त ओव्हरफ्लो फ्लॅग. एकाच्या हातात एक आणि दुसऱ्याच्या हातात दुसरा, असे दोन हातचे एकमेकांना न भेटता शेजारी शेजारी धावू शकतात, आणि अ‍ॅडमल-वनला नेमके हेच हवे होते. जीएमपीत या सूचनांसाठी वेगळी उपनिर्देशिका आहे आणि तिच्यातली फाइल के-८च्या फाइलीशेजारी ठेवून वाचली की दहा वर्षांचा इतिहास दोन पानांत दिसतो : जुन्या फाइलीत दर दोन ओळींनी येणारे ‘शून्य अधिक हातचा’ नव्या फाइलीच्या फेरीतून नाहीसे झाले आहे.

मात्र इथे एक नवीच पंचाईत उभी राहते आणि ती सोडवण्याची रीत मला विशेष आवडते. दोन्ही फ्लॅग कामात अडकले असतील तर फेऱ्या मोजायच्या कशा? मोजणी एकाने कमी करणारी डीईसी सूचना कॅरी फ्लॅग जपते, पण ओव्हरफ्लो फ्लॅग बदलते. साधी वजाबाकी दोन्ही बदलते. मग मोजणीसाठी एलईए ही मूळची पत्ता काढण्याची सूचना वापरायची, कारण तिला फ्लॅगशी काही देणेघेणे नाही. आणि फेरी संपली का हे पाहायला जेआरसीएक्सझेड ही जुनी, फारशी कोणी न वापरणारी सूचना घ्यायची, जी आरसीएक्स रजिस्टर शून्य आहे का एवढेच पाहते आणि फ्लॅगकडे ढुंकूनही बघत नाही. अशी सूचना रोज लागत नाही, परंतु ती प्रोसेसरच्या कोठीत आहे हे ठाऊक असणारा माणूसच हे लिहू शकतो. एकाच वेळी चार किंवा आठ लिम्ब उरकणारी उलगडलेली फेरी, उरलेल्या एक-दोन-तीन लिम्बांसाठी फेरीच्या मध्यातच उडी मारून शिरणे, आणि पत्ता संख्येच्या शेवटी ठेवून ऋण अंकापासून शून्याकडे मोजत येणे, ज्यामुळे तुलनेची वेगळी सूचनाच लागत नाही, या युक्त्या तर जवळपास प्रत्येक फाइलीत भेटतात.

फाइलींची मांडणीही सांगण्यासारखी आहे. प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीच्या डोक्यावर एक तक्ता असतो : कोणत्या प्रोसेसरवर लिम्बामागे किती चक्रे. काही नोंदी रिकाम्या असतात, काहींपुढे प्रश्नचिन्ह असते. जे मोजले ते लिहिले, जे मोजले नाही ते मोकळे ठेवले, हा प्रामाणिकपणा मला बाजारातल्या अनेक जाहिराती तक्त्यांपेक्षा मोलाचा वाटतो. बेरीज आणि वजाबाकीच्या रूटीन एकाच फाइलीतून तयार होतात. एम-४ या मजकूर बदलणाऱ्या साधनातला मॅक्रो एडीसीच्या जागी एसबीबी ही हातच्यासह वजाबाकीची सूचना घालतो आणि दुसरी रूटीन उभी राहते. विंडोजवर फंक्शनला दिलेली मूल्ये वेगळ्या रजिस्टरांतून येतात. तो फरकही एका मॅक्रोच्या ओळीत मिटवलेला आहे. कित्येक फाइलींत अशी नोंद आहे की ही फेरी डेव्हिड हार्वे आणि ग्रानलुंड यांनी लिहिलेल्या साधनांनी सूचनांचा क्रम बदलून बदलून शोधलेली आहे. २०१९ मध्ये योरिस फान डर हूव्हन यांच्याबरोबर, एन बिटांच्या पूर्णांकांचा सुमारे एन लॉग एन पायऱ्यांत गुणाकार करण्याची रीत मांडणारे हार्वे ते हेच. मोठमोठ्या अनंताकडे जाणारे प्रमेय मांडणाऱ्या माणसाने दहा-बारा सूचनांची फेरी कशी रचावी यावरही तेवढेच कष्ट घेतले, ही गोष्ट मला या क्षेत्राविषयी फार काही सांगून जाते.

प्रत्येक प्रोसेसरची खोड वेगळी असते, आणि जीएमपीने प्रत्येकाची खोड मनावर घेतली आहे. पेंटियम-४वर हातच्यासह बेरीज करणारी सूचना इतकी संथ होती की तिथल्या ३२ बिटी अ‍ॅडमल-वनमध्ये ती टाळून एसएसई-२ या सूचनासंचाच्या ६४ बिटी रजिस्टरभागांत बेरजा केल्या आहेत आणि हातचा वरच्या ३२ बिटांत साठवला आहे. इंटेलच्या प्रोसेसरांत हॅसवेलपर्यंत एडीसीचे आतल्या आत दोन तुकडे होत, ब्रॉडवेलपासून ती एका तुकड्यात बसली. त्यामुळे एकाच कंपनीच्या लागोपाठच्या दोन पिढ्यांसाठीही फाइली वेगळ्या ठेवाव्या लागल्या. ६४ बिटी एआरएमवर गुणाकाराचा खालचा अर्धा एका सूचनेने आणि वरचा अर्धा दुसऱ्या सूचनेने काढावा लागतो, म्हणजे खर्च दुप्पट. पण तिथे मागितल्याशिवाय कोणतीही सूचना फ्लॅग बदलत नाही आणि फेरी मोजणारी सूचनाही त्यांना स्पर्श करत नाही, त्यामुळे लिहिणाऱ्याला मोकळा श्वास घेता येतो. उलट अल्फा, मिप्स आणि अलीकडचा रिस्क-व्ही यांच्यात कॅरी फ्लॅगच नाही. तिथे हातच्यासह एका बेरजेसाठी दोन बेरजा, दोन तुलना आणि त्या तुलनांची एक जोडणी, असे पाच सूचनांचे काम होऊन बसते. प्रोसेसरची रचना सुटसुटीत ठेवण्यासाठी फ्लॅग वगळणे योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल. मोठ्या पूर्णांकांचे काम करणाऱ्याला मात्र ती उणीव प्रत्येक लिम्बागणिक मोजावी लागते, आणि माझे मत उघडपणे फ्लॅगच्या बाजूचे आहे.

भागाकाराविषयी थोडक्यात सांगतो. ६४ बिटांचा भागाकार करणारी सूचना जुन्या इंटेल प्रोसेसरांवर ८० चक्रांच्या आसपास जाऊ शकत असे, म्हणून जीएमपी ती शक्यतो वापरतच नाही. भाजकाचा व्यस्त एकदा काढून ठेवायचा आणि पुढे प्रत्येक लिम्बामागे गुणाकारांनीच भागायचे, ही रीत ग्रानलुंड आणि पीटर मॉन्टगोमेरी यांनी १९९४च्या शोधनिबंधात मांडली, आणि २०११ मध्ये नील्स म्योलर यांच्याबरोबर ग्रानलुंड यांनी ती आणखी सुधारली. आज साध्या सी प्रोग्राममध्ये स्थिर संख्येने भागाकार केला तरी कंपायलर त्याचा गुणाकार करून देतो, त्यामागेही हेच काम आहे.

अ‍ॅसेम्ब्लीच्या वरच्या बाजूला कारात्सुबा, टूम आणि शेवटी शोनहागे-स्ट्रासेन यांच्या, लांब संख्यांचा गुणाकार कमी कामात उरकणाऱ्या, रीती पायरीपायरीने चढत जातात. कोणत्या लांबीला कोणती रीत घ्यायची याचे उंबरठे प्रत्येक प्रोसेसरसाठी वेगळ्या फाइलीत लिहिलेले आहेत. बहुतेक ६४ बिटी इंटेल आणि एएमडी यंत्रांवर पाटीवरच्या गुणाकाराकडून कारात्सुबाकडे जाण्याचा उंबरठा वीस ते तीस लिम्बांच्या दरम्यान असतो. नव्याने येणाऱ्यांचा इथे एक गैरसमज होतो की चांगली रीत हाताशी आली की खालच्या फेरीला महत्त्व उरत नाही. प्रत्यक्षात खालची फेरी जितकी चपळ तितका हा उंबरठा वर सरकतो, आणि कारात्सुबाची वाट धरलेली लांब संख्याही तुकडे होत होत शेवटी याच फेरीत येऊन पडते. खाली वाचलेले चक्र वरच्या प्रत्येक मजल्यावर वाचते.

हे उंबरठे आपल्या यंत्रावर स्वतः मोजता येतात, आणि मी प्रत्येकाला ते मोजण्याचा आग्रह करीन. स्रोताच्या ट्यून निर्देशिकेत स्पीड नावाचा छोटा प्रोग्राम आहे. त्याला रूटीनचे नाव, लिम्बांची लहान-मोठी मर्यादा आणि मोठ्या सीचा (-C) पर्याय दिला की तो लिम्बामागे लागलेली चक्रे रांगेने छापतो. पहिल्यांदा अ‍ॅडमल-वनवर तो चालवला तेव्हा एका लिम्बाचा आकडा बराच मोठा दिसतो, मग चार, आठ, सोळा असे पुढे जाता जाता तो उतरत उतरत फाइलीच्या डोक्यावरील तक्त्याच्या आकड्याजवळ येऊन स्थिरावतो. पुस्तकात वाचलेली गोष्ट आपल्याच टेबलावर खरी ठरताना पाहण्याचा तो आनंद असतो. मोजताना प्रोसेसरची आपोआप वाढणारी गती बंद ठेवावी, नाहीतर आकडे डळमळतात.

बांधणीविषयी, म्हणजे स्रोतातून लायब्ररी तयार करण्याविषयी, माझ्या अनुभवातली एक चूक सांगणे आवश्यक वाटते. बांधणीच्या सुरुवातीला जीएमपी आपले यंत्र ओळखते आणि त्याच्याच पिढीच्या फाइली उचलते. मी माझ्या नव्या यंत्रावर अशी बांधणी केली आणि तयार लायब्ररी एका संस्थेच्या जुन्या सर्व्हरवर तशीच नेऊन ठेवली. प्रोग्राम सुरू होताच ‘अवैध सूचना’ म्हणून कोसळला, कारण त्या जुन्या प्रोसेसरला मलएक्स माहीतच नव्हती. दोष माझा होता. अनेक यंत्रांवर न्यायची लायब्ररी असेल तर फॅट बांधणीचा पर्याय द्यावा. मग सगळ्या पिढ्यांच्या रूटीन एकत्र बसतात आणि चालू होताना प्रोसेसर ओळखून योग्य ती निवडली जाते. आणि मेक-चेक ही चाचणीची पायरी कधीही गाळू नये. कंपायलरच्या चुका जीएमपीत जितक्या लवकर उघड्या पडतात तितक्या क्वचितच दुसरीकडे पडत असतील, आणि बांधणी करणाऱ्यांनी ही चाचणी चालवावी, असे तिचे लेखकही बजावून सांगतात.

आता उणिवांकडे येतो, आणि त्या कमी नाहीत. पहिली म्हणजे लहान संख्यांची. दोन-चार लिम्बांच्या संख्यांवर एमपीझेड वापरले तर चिन्ह पाहणे, जागा पुरते का ते पाहणे आणि फंक्शनची हाक यांतच बराच वेळ जातो आणि फेरीची सगळी चपळाई वाया जाते. गुप्तलेखनातील ठराविक लांबीच्या लंबवर्तुळी वक्रांचे काम करणाऱ्याने त्या लांबीसाठीच उलगडलेली रूटीन वापरावी हे बरे. एमपीएनच्या पातळीवर उतरले की हा भार जातो, परंतु तिथे संरक्षणही जाते : कोणती संख्या लांब असायला हवी, उत्तर कोणत्या जागेवर चढले तर चालते, शून्य लांबी चालते की नाही, हे सगळे नियम पाळायची जबाबदारी आपली, आणि मोडले तर उत्तर मुकाट्याने चुकते. शिकताना तपासण्या चालू ठेवणारी बांधणी वापरावी, असे मी सांगेन.

दुसरी उणीव फार मोठ्या संख्यांची आहे. शोनहागे-स्ट्रासेनची रीत १९७१ची आहे आणि जीएमपीतील तिची अंमलबजावणी आता वयस्कर वाटते. फ्लिंट या दुसऱ्या लायब्ररीच्या तिसऱ्या आवृत्तीत आलेले, लहान अविभाज्य संख्यांवर चालणारे आणि सदिश सूचनांचा (एका दमात अनेक आकड्यांवर चालणाऱ्या सूचनांचा) पुरेपूर लाभ घेणारे फूरिये रूपांतर दहा लाख अंकी गुणाकारात जीएमपीला स्पष्टपणे मागे टाकते. त्याशिवाय जीएमपी एका गुणाकारासाठी प्रोसेसरचा एकच गाभा (कोअर) वापरते. आठ-सोळा गाभ्यांच्या यंत्रावर बाकीचे गाभे रिकामे बसलेले पाहणे क्लेशकारक असते. एव्हीएक्स-५१२ या सदिश सूचनासंचातील ५२ बिटांचे गुणाकार करणाऱ्या सूचनांना तर इथे प्रवेशच मिळालेला नाही. त्या वापरायच्या तर हातचा लगेच न वाहता मोकळ्या बिटांत साठवत जावा लागतो, लिम्ब पूर्ण ६४ बिटांचा राहत नाही आणि जीएमपीची सगळी मांडणीच बदलावी लागते. कारण मला समजते, तरी ही संधी हातची जात आहे असे वाटल्याशिवाय राहत नाही.

स्मृती संपली तर लायब्ररी चूक परत न देता सरळ प्रोग्रामच थांबवते. दीर्घकाळ चालणाऱ्या सर्व्हरसाठी हे धोक्याचे आहे आणि इतक्या वर्षांत यावर उपाय व्हायला हवा होता. मायक्रोसॉफ्टच्या कंपायलरने बांधणी करणाऱ्यांची सोयही नीट नाही. ती करण्यासाठी वेगळी झालेली एमपीआयआर ही शाखा एके काळी चांगली होती, पण तिचे काम आता थांबले आहे. पुस्तिका वरच्या थरांपुरती उत्तम आहे; अ‍ॅसेम्ब्लीविषयी मात्र एका प्रकरणापलीकडे फारसे काही हाती लागत नाही आणि बाकीचे फाइली वाचूनच शिकावे लागते.

गुप्तलेखनासाठी वापरणाऱ्यांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. साध्या रूटीनचा वेळ संख्येच्या मूल्यावर अवलंबून असू शकतो, आणि वेळ मोजून किल्ली काढणारे हल्ले काल्पनिक नाहीत. ६.० या आवृत्तीपासून एमपीएनमध्ये ‘सेक’ नावाची फंक्शने आहेत, ज्यांत होणाऱ्या क्रिया आणि स्मृतीकडे जाण्याचा क्रम फक्त लांबीवर ठरतो, मूल्यावर नाही. त्यांना लागणारी तात्पुरती जागाही वापरणाऱ्याने द्यायची असते. नेटल ही लायब्ररी या पायावर आपले सार्वजनिक किल्लीचे काम उभे करते. गुप्त किल्लीला साधे एमपीझेड लावलेले मी ज्या ज्या प्रकल्पांत पाहिले, तिथे तिथे ते बदलायला लावले.

परवाना एलजीपीएलची तिसरी किंवा जीपीएलची दुसरी आवृत्ती, दोन्हींपैकी हवा तो. पैसे पडत नाहीत, परंतु बंद उत्पादनात स्थिर जोडणी (स्टॅटिक लिंकिंग) करण्याआधी परवाना वाचावा.

ज्यांना शंभर ते काही हजार लिम्बांच्या टापूत काम करायचे आहे त्यांना माझी शिफारस निःशंकपणे जीएमपीची आहे. या टापूत मी जे जे वापरून पाहिले त्यात हातचा इतक्या काळजीने वाहिलेला मला दुसरीकडे आढळला नाही. त्याहून फार मोठ्या गुणाकारांसाठी फ्लिंट घ्यावी. तीही खालच्या कामासाठी जीएमपीच वापरते. आणि अ‍ॅसेम्ब्ली शिकू पाहणाऱ्यांनी एक्स८६-६४च्या निर्देशिकेतील एओआरएस-एन ही बेरीज-वजाबाकीची फाइल आधी उघडावी. तिच्यात गुणाकार नाही, हातचा एकच आहे, आणि फेरी एका पडद्यावर मावते. कागद घेऊन तीन लिम्बांची बेरीज तिच्याप्रमाणे ओळ न् ओळ करून पाहावी आणि प्रत्येक ओळीशेजारी त्या क्षणी कॅरी फ्लॅगमध्ये काय आहे ते लिहावे. एक संध्याकाळ त्यात जाते. दुसऱ्या दिवशी अ‍ॅडमल-वनची फाइल उघडावी.